सोळाव्या स्थळापर्यंत

भिंतीतला आवाज कमी झाला तेव्हा आगटे चहाचा कप ओठांशी नेत होता. आवाज थांबला नव्हता, फक्त कमी झाला होता. शेजारच्या खोलीत बोलणाऱ्या चौघांपैकी एकजण अचानक गप्प व्हावा तसा. त्याच्या खोलीची मागची भिंत म्हणजे यंत्रगृहाची भिंत. पलीकडे हवामानाची गणितं करणारा संस्थेचा महासंगणक होता, काळ्या कपाटांच्या रांगाच्या रांगा, आणि त्यांना गार ठेवणारी अवाढव्य वातानुकूलन यंत्रं. या सगळ्यांचा मिळून एक घुमारा दिवसरात्र त्या भिंतीतून येई, आणि आगटेला तो कधीच ऐकू येत नसे, इतका तो अंगवळणी पडला होता. आज ऐकू आला, कारण त्यातला एक पदर गळून पडला होता. कप टेबलावर ठेवून तो उठला. मे महिन्यातली दुपार, खिडकीबाहेर नोएडाचा तो सेक्टर उन्हानं पांढरा पडलेला. वीज गेली म्हणावी तर जनरेटर सुरू व्हायला हवा होता, तो झाला नव्हता. म्हणजे आत काहीतरी बिघडलं होतं. कॉरिडॉरमधून तो जवळजवळ पळतच गेला, दार ढकललं, आणि थंडीचा लोट अंगावर आला. आत रसिका गुंजकर बसली होती, मरून शाल गुंडाळून, पाय स्टुलाच्या दांडीवर घेऊन. यंत्रगृहात बारा महिने हिवाळा असे. मे महिन्यातही सगळ्यांच्या शाली आणि स्वेटर दाराशी टांगलेले असत.

"काय बंद पडलं?"

"काहीच नाही सर." ती वळून हसली. "बंद केलंय. मागच्या दोन रांगा आणि तिकडचा एसी. हे बघा ना, कालचाच अंदाज परत चालवतेय. तेवढ्याच वेळात होतोय, आणि निम्मी कपाटं चक्क झोपलीयेत."

तिनं काय केलं होतं ते तिनं दोन वाक्यांत सांगितलं, आणि आगटेला ते पहिल्याच वाक्यात कळलं. मॉडेलमधला प्रत्येक आकडा, हवेचा दाब, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, सोळा स्थळांपर्यंत अचूक धरला जाई. तिनं तो सात स्थळांवर आणला होता. आकडे आखूड झाले की यंत्राला वाहायचं ओझं निम्मं होतं, निम्म्या कपाटांत काम भागतं, वीज कमी लागते, उष्णता कमी होते, आणि ती उष्णता उपसायला लागणारी वीजही वाचते. "आणि उत्तर तेच येतंय सर," ती म्हणाली. "म्हणजे, सुमारे तेच. दिल्लीचं उद्याचं तापमान चव्वेचाळीस पॉइंट दोन. जुन्या आकड्यांतही चव्वेचाळीस पॉइंट दोन. पुढचे तेरा अंक आपण कुणासाठी काढतो?"

"मला विचारलं नाहीस."

"मेल टाकला होता. माथुर सर म्हणाले, करके देखो." मग तिचा चेहरा जरा उतरला. "चुकलं का माझं?"

"नाही नाही. बरं केलंस," आगटे म्हणाला, आणि खोलीत परत आला. चहावर साय धरली होती. तो भिंतीकडे पाहत बसला. दात पडल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या खाचेत जाते तसं त्याचं मन पुन्हा पुन्हा त्या एका शब्दाशी जात होतं. सुमारे. मिरजेच्या त्यांच्या घरात हा शब्द चालत नसे. वडील हायस्कुलात गणित शिकवत, आणि घरीही ते गणिताचेच मास्तर असत. स्टेशन किती लांब आहे असं कुणी विचारलं आणि छोट्या मुरलीधर आगटेनं 'सुमारे मैलभर' म्हटलं, तर ते पेपरवरून नजर वर करत आणि नुसते पाहत. त्या पाहण्याला घाबरून तो बारीक होत गेला होता, शरीरानं नव्हे, नजरेनं. दुसऱ्याच्या वहीतली चूक त्याला पान उलटता उलटता दिसे. पुढे मुंबईत शिकताना, आणि मग दिल्लीला नोकरी लागली तेव्हा, याच नजरेवर तो वर आला. नवीन आला तेव्हा लाजपतनगरच्या एका गच्चीवरच्या खोलीत राही, दर रविवारी बस बदलत कोपर्निकस मार्गावर जाई, तिथल्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात वरणभात खायला. जेवताना ताटाशेजारी प्रोग्रामचे छापील कागद असत. मॉडेल तेव्हा परदेशातून आलं होतं, तिकडच्या थंड हवेसाठी लिहिलेलं. त्याला मान्सून कळत नव्हता. आगटेनं तो त्याला शिकवला, ओळीओळीनं. देश तेव्हा नुकताच उघडत होता, बाहेरच्या वस्तू येत होत्या, यमुनेपलीकडे शेतं कापून सेक्टर आखले जात होते, त्याच्या बरोबरीचे लोक बँकांत आणि परदेशी कंपन्यांत जाऊन दुप्पट शहाणे झाले होते, आणि आगटे आकड्यांच्या सोळाव्या स्थळाशी बसून होता. तिथे आपल्याशिवाय दुसरं कुणी येत नाही, याचं त्याला सुख होतं. आणि आता ही उदगीरची पोरगी सांगत होती की तिथे कुणी जायची गरजच नव्हती.

पोरगी त्यानंच निवडली होती. मुलाखतीत ती बिचकत इंग्रजी बोलत होती, मध्येच अडली, आणि फळ्याकडे जाऊन तिनं जे लिहिलं ते पाहून आगटे समितीकडे वळून म्हणाला होता, "इसे ले लीजिए." बाहेर आल्यावर तो तिच्याशी मराठीत बोलला, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मयूर विहारला तिला पेइंग गेस्ट म्हणून जागा कुमुदनं, त्याच्या बायकोनं, शोधून दिली. कुमुद पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकवायची, सगळ्या दिल्लीतले मराठी पत्ते तिला पाठ. रसिका रविवारी जेवायला येऊ लागली, कुमुदला काकू म्हणू लागली. दोन वर्षं आगटे लोकांना सांगत होता, आपल्याकडची मुलगी आहे, फार हुशार. ते सांगताना त्याला आपणच हुशार असल्यासारखं वाटे. ते कधीपासून तसं वाटेनासं झालं? कदाचित आजपासून. कदाचित आधीपासूनच, आणि आज फक्त आवाज कमी झाल्यामुळे ते ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी माथुरसाहेबांनी बोलावलं. माथुर संस्थेचे संचालक, निवृत्तीला आलेले, गोड बोलणारे, जुन्या दिल्लीचे. त्यांच्या टेबलावर नव्या इमारतीचा नकाशा पसरलेला असे. ती इमारत आगटेची होती. आजच्यापेक्षा कितीतरी मोठा संगणक, आणि त्याच्यासाठी मागच्या कुंपणाला लागून जनरेटरची स्वतंत्र शेड. त्याच्या मंजुरीसाठी आगटे कित्येक वर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवत होता. अडलं होतं ते विजेपाशी. एवढा भार देता येणार नाही असं वीज मंडळ सांगत होतं. आणि कुंपणापलीकडे गाव होतं. सगळी शेतं सेक्टरात गेल्यावर उरलेलं, दाटीवाटीनं उभं, उन्हाळ्यात तासन्‌तास अंधारात असणारं. संस्थेची वीज जात नसे, तिची लाइन वेगळी होती. गेल्याच आठवड्यात गावातल्या बायका संस्थेच्या फाटकासमोर रस्त्यात बसल्या होत्या. आगटेची गाडी अडली. एकीनं काचेवर थाप मारून म्हटलं होतं, "तुम्हारी मशीन को ठंडक चाहिए, हमारे बच्चों को नहीं?" आगटे काच खाली न करता समोर पाहत राहिला होता. त्याला वाटलं होतं, यांना कसं सांगायचं की यांच्याच पावसाचं गणित आत चाललंय.

"आगटे साहब, आपकी लड़की ने तो कमाल कर दिया," माथुर म्हणाले. पुढल्या महिन्यात मंत्रालयाचे लोक येणार होते. त्यांना हे दाखवायचं. संपूर्ण मोसमाचा अंदाज, जून ते सप्टेंबर, निम्म्या विजेवर. "आप एक बार चेक कर लीजिए. आपसे बारीक कौन देखेगा?" मग त्यांनी अलगद नकाशाची गुंडाळी केली. "बिल्डिंग का थोड़ा रुक जाते हैं. जब इसी में काम हो रहा है तो…"

"बिल्कुल," आगटे म्हणाला. नकाशाला रबरबँड लावताना माथुरांची बोटं त्याला फार मऊ वाटली.

रविवारी रसिका आली. इंदिरापुरमच्या त्यांच्या सोसायटीत त्या वेळी वीज नव्हती. पंखा इन्व्हर्टरवर रखडत फिरत होता. कुमुदनं आमरस केला होता. आगटेची मुलगी मयुरा, दिल्लीतच वाढलेली, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, रसिकाच्या अंगावर ओठंगूनच बसली होती. "दीदी, पप्पांना विचारलं तर ते लेक्चर देतात. तू सांग ना, तू एक्झॅक्टली केलंस काय?"

रसिकानं वाटीतला आमरस चाटून घेतला. "तू भोपळा घ्यायला गेलीस, आणि भाजीवाल्यानं तो सोनाराच्या काट्यावर तोलायला घेतला तर?"

"पागल है क्या?"

"तेच. काटा महाग, वेळ जातो, आणि भोपळा शेवटी भोपळाच. मी साधा तराजू आणला. बस."

सगळे हसले. आगटेही हसला. भोपळा. त्याची इतकी वर्षं, मान्सून शिकवलेलं ते परकं मॉडेल, वरणभाताच्या ताटाशेजारचे कागद. ती हे त्याला दुखवायला बोलली नव्हती, हे त्याला कळत होतं, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं. तिला त्याला दुखवायचं असतं तर त्यात निदान त्याची दखल होती. कुमुद तिच्या वाटीत आणखी रस घालत म्हणाली, "गावाकडे कळवलंस का ग? आईला सांग, म्हणावं मंत्रालयाचे लोक येतायत." रसिका म्हणाली, "आईला काय कळणार काकू, ती म्हणेल, लाइटबिल कमी केलंस होय, चांगलं झालं." पुन्हा सगळे हसले. मयुरानं आपलं कधी असं ओठंगून ऐकलं होतं का, हे आगटे आठवू लागला. तिला लहानपणी त्यानं ग्रहांचं अंतर समजावलं होतं. ती झोपून गेली होती. रसिका गेल्यावर कुमुद ताटं उचलता उचलता म्हणाली, "अहो, तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला की."

"दिसला नाही." ती आत गेली. नळाखाली भांड्यांचा आवाज येत राहिला. आगटे सोफ्यावरच बसून होता. त्याला वाटलं, तिनं आणखी काही विचारावं. आणि वाटलं, बरं झालं, विचारलं नाही.

त्यानंतर तो रसिकाचा प्रोग्राम वाचू लागला. वाचू लागला म्हणजे त्यात शिरलाच. सिग्नलपाशी, दाढी करताना, दुकानात सुट्टे पैसे मोजताना त्याच्या डोळ्यांपुढे तिच्या ओळी असत. इतक्या एकाग्रतेनं त्यानं गेल्या कित्येक वर्षांत काही वाचलं नव्हतं. तिची ओळ स्वच्छ होती. कुठे काय चाललंय ते ती साध्या शब्दांत लिहून ठेवी, आणि एके ठिकाणी मराठीतच रोमन अक्षरांत लिहिलं होतं, 'इथे हात लावू नये, आगटे सरांनी नीट केलंय'. ते वाचून त्याला क्षणभर लाज वाटली, आणि पुढच्याच क्षणी त्याला तो तिचा आगाऊपणा वाटला. आपल्याला चूक हवी आहे, हे त्याला पुरतं माहीत होतं. तहान लागल्यावर पाणी हवं असतं तशी हवी होती.

चूक त्याला एका शनिवारी सकाळी सापडली. घरात कुणी नव्हतं, बाल्कनीत कबुतरं घुमत होती, समोर बांधकामाच्या क्रेन उभ्या होत्या. जमिनीतल्या ओलाव्याचा भाग तो वाचत होता. ओलाव्याचा आकडा मोठा असतो आणि सावकाश बदलतो. जोराची सर आली की त्यात मोठी भर पडते. ती सात स्थळांत मावते. पण भुरभुर पाऊस पडत असेल, तर दर काही मिनिटांनी जी भर पडायची ती इतकी सूक्ष्म असते की सात स्थळांच्या आकड्याच्या शेपटीलाही ती शिवत नाही. यंत्र बेरीज करतं आणि उत्तर होतं तेवढंच येतं. पुन्हा करतं, पुन्हा तेवढंच. दिवसभर भुरभुर पडली तरी जमीन कोरडी. दुपारी उन्हानं जे वाळतं ते मात्र मोठं असतं, ते बरोबर वजा होतं. आठवड्याच्या अंदाजात हे कळणारही नाही. पण मंत्रालयाच्या लोकांपुढे पूर्ण मोसम दाखवायचा होता, आणि चार महिन्यांत जिथे भुरभुर जास्त, तिथली जमीन मॉडेलमध्ये वाळून भेगाळणार होती; कोरड्या जमिनीवरची हवा तापणार होती, आणि तिथला पुढचा पाऊसही चुकणार होता. आगटे उठला. त्यानं बाल्कनीचं दार उघडलं, गरम हवा तोंडावर घेतली, आणि त्याला हसू आलं. कितीतरी दिवसांनी त्याला भूक लागली होती. फ्रिजमधलं थंड थालीपीठ तो उभ्याउभ्याच खाऊ लागला, आणि खाता खाता त्याला जाणवलं की आपण गुणगुणतोय.

सोमवारी सांगू, असं त्यानं ठरवलं होतं. सोमवारी रसिका दारात डोकावली. "सर, बघितलंत का?"

"बघतोय."

"काही असलं तर सांगा हं. मला का कोण जाणे, धाकधूक होतेय."

"बघतोय म्हटलं ना."

ती गेली. मंगळवारीही त्यानं सांगितलं नाही. त्याला वाटत होतं की आपण अजून तपासतोय, खात्री करून घेतोय. मग त्याला वाटलं, तिनं स्वतःच शोधायला हवं, तशीच माणसं शिकतात. आपल्याला कुणी सांगितलं होतं? मग त्याला काहीच वाटेनासं झालं. ती चूक त्याच्याजवळ होती, खिशातल्या किल्लीसारखी, आणि चालताना तिचा स्पर्श होत होता. त्या दिवसांत तो रसिकाशी फार प्रेमानं वागला. तिला त्यानं सादरीकरणाचं इंग्रजी दुरुस्त करून दिलं. तिच्यासाठी चहा मागवला. 'पप्पा आजकाल बड़े अच्छे मूड में हैं' असं मयुरा कुमुदला म्हणाली, तेव्हा कुमुदनं त्याच्याकडे नजर टाकली.

मंत्रालयाचे लोक आले. सभागृहात पडदे ओढले, बिस्किटं फिरली. रसिकानं त्या दिवशी निळी साडी नेसली होती, आणि ती सवयीची नसल्यामुळे ती पदर सारखा खांद्यावर ओढत होती. पण बोलायला लागल्यावर तिचा पदराकडचा हात सुटला. विजेचा आलेख आला, लोकांनी मान डोलावली. पावसाचे नकाशे आले, दोन शेजारी शेजारी, जुना आणि नवा, आणि वरवर पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच. टाळ्या पडल्या. सचिव माथुरांच्या कानात काहीतरी बोलले आणि माथुर उजळले. कुणालाच काही दिसलं नव्हतं. आगटेच्या लक्षात आलं की आपण गप्प बसलो तर हे असंच संपेल, आणि ही चूक कुणाला न कळता संस्थेत नांदू लागेल. मग ती सापडल्याचा काय उपयोग? तो उभा राहिला.

"एक मिनट. मिट्टी की नमी दिखाइए. सितंबर की."

रसिकानं जमिनीतल्या ओलाव्याचा नकाशा लावला. जुन्या नकाशात हिरवा असलेला मराठवाड्याचा पट्टा नव्यात विटकरी तांबडा होता. सभागृहात कुजबुज झाली. सचिवांनी चष्मा चढवला. आगटे बसला. तो रसिकाचा चेहरा पाहत होता. हेच पाहण्यासाठी तो इतके दिवस थांबला होता, हे त्याला त्या क्षणी स्पष्ट कळलं. तिचा चेहरा आधी कोरा झाला. ती पडद्याजवळ गेली, इतकी जवळ की तिच्या साडीवर नकाशाचा तांबडा रंग पडला. बोटानं तिनं उदगीरची जागा शोधली. आणि मग आगटेनं जे कल्पिलं होतं त्यातलं काहीच झालं नाही. तिचा चेहरा उमलला. ती गर्रकन वळली आणि सगळ्यांसमोर मराठीतच ओरडली, "अहो सर, भुरभुर! आमच्याकडे असाच पडतो ना! थेंब इतका बारीक, की बेरजेत पोचतच नाही!" मग भान येऊन ती हिंदीत, इंग्रजीत, हातवारे करत सांगू लागली. फळ्यावर तिनं बेरीज मांडून दाखवली. एवढा एकच हिशेब सोळा स्थळांत ठेवायचा, बाकी सगळं सातातच; विजेला काही फरक पडणार नाही. "डॉक्टर आगटे ने पकड़ लिया," ती म्हणाली, "नहीं तो हम लोग मराठवाडा सुखा देते." लोक हसले. आणि मग टाळ्या पडल्या, पहिल्यापेक्षा मोठ्या. सचिव आगटेजवळ आले, त्यांनी त्याचा हात हातात घेतला, म्हणाले की अशी जोडी प्रत्येक संस्थेत हवी. माथुर म्हणाले, "मैंने कहा था न, इनसे बारीक कोई नहीं देखता."

बाहेर व्हरांड्यात चहा ठेवला होता. ऊन उतरलं नव्हतं. रसिका कप घेऊन त्याच्याजवळ आली, डोळे चकाकत होते. "सर, काय दिसलं हो तुम्हाला! मी गेले पंधरा दिवस बघतेय आणि मला दिसलं नाही. आणि तुम्हाला बसल्या जागी, पडद्यावर पावसाचा नकाशा बघून!" ती मनापासून बोलत होती. आणि मग, जरा खेळकरपणे, "पण कारण मात्र मी शोधलं हं. तुम्ही म्हणालात नमी दाखव, आणि मला एका मिनिटात कळलं."

एका मिनिटात. आगटेला ते एक मिनिट सहन झालं नाही. चूक त्याची होती. त्यानं ती ओळीओळीनं खणून काढली होती, त्या शनिवारी, एकट्यानं, आणि आता ही ती दोघांत वाटून घेत होती. "बसल्या जागी नाही," तो म्हणाला. "मला केव्हाच सापडली होती. कारणासकट. ओलाव्याच्या बेरजेची ओळ. तुझ्या आधी."

"आधी म्हणजे?"

"झाले दहाबारा दिवस."

ते बोलून होईपर्यंत त्याला फक्त बरं वाटत होतं. मग त्यानं आपलं वाक्य ऐकलं. रसिका कप हातात धरून उभी होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तिथेच राहिलं आणि त्यातला अर्थ निघून गेला. ती काहीतरी मनात जुळवत होती: चहा, इंग्रजीच्या दुरुस्त्या, बघतोय म्हटलं ना.

"अच्छा," ती म्हणाली. कप तिनं कठड्यावर ठेवला, पदर सारखा केला, आणि आत गेली.

रविवारी ती आली नाही. पुढल्या रविवारीही नाही. कुमुदनं फोन केला तेव्हा ती फार गोड बोलली, काम आहे म्हणाली. फोन ठेवून कुमुद त्याच्यासमोर येऊन बसली. "काय झालंय?" आगटेनं सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं. आणि सांगताना त्याला आश्चर्य वाटलं की ही गोष्ट इतकी थोडक्यात संपते. "तुम्ही माझ्याबाबतीतही असे आहात," कुमुद म्हणाली. "मी हेडमिस्ट्रेस झाले तेव्हा तुम्ही आठवडाभर माझ्या भाषणातलं व्याकरण काढत होतात. मी म्हटलं, असेल स्वभाव." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला भांडता आलं असतं.

ऑफिसात रसिका त्याच्याशी नेमकं तेवढंच बोले. प्रत्येक मेल त्याला येई, प्रत्येक बदल विचारून होई, बोलणं इंग्रजीत. निम्मी कपाटं कायमची बंद झाली. जनरेटरच्या शेडसाठी राखलेली कुंपणालगतची जागा तशीच राहिली, गावातल्या बायका तारेवर तिकडच्या बाजूनं कपडे वाळत घालू लागल्या. शोधनिबंधावर त्याचं नाव आलं, तिच्या नावानंतर. ते तिनं घातलं होतं, न विचारता. आगटेनं ते खोडावं असं ठरवलं आणि खोडलं नाही. त्याला वाटलं, खोडलं तर तेही मिरवणंच होईल. आणि खरं म्हणजे त्याला ते नाव तिथे हवं होतं.

ऑगस्टात एकदा ती त्याच्या खोलीत आली. बसली नाही. हातात कागदांचा गठ्ठा होता, नव्या कामाचा: यंत्राला केव्हा मंद चालवायचं, केव्हा वेगात, म्हणजे वीज आणखी वाचेल. ती मराठीत बोलली, आणि त्या मराठीनं तो दचकला.

"हे तुम्ही वाचा."

"मी? दुसरं कुणीतरी…"

"दुसरे चांगलं आहे म्हणतात. माथुर सर न वाचताच चांगलं आहे म्हणतात." ती खिडकीकडे पाहत होती. "माझी चूक निघावी असं तुम्हाला वाटतं. मला माहितीये. म्हणून तुम्हीच वाचा. तुमच्याइतकं जीव तोडून कोण वाचणार? फक्त सापडली की त्याच दिवशी सांगायची." मग तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. "एवढं जमेल का सर?"

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. माफ कर, किंवा तसंच काही. "ठेव," तो म्हणाला.

तो वाचत बसला. पहिल्या पानावरच ती भूक जागी झाली, तीच, जराही न बदललेली. आपण वाचतोय की शिकार करतोय हे त्याला समजेना. दुपार सरली, खिडकीतलं ऊन टेबलावरून खाली उतरलं. काम चांगलं होतं, त्याला स्वतःला सुचलं नसतं असं. दोनदा तो खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसला. आणि मग, शेवटून तिसऱ्या पानावर, एक अट उलटी लिहिली गेली होती. किरकोळ, पण यंत्र जेव्हा मंद व्हायला हवं तेव्हा वेगात गेलं असतं. आगटेच्या छातीत तो ओळखीचा आनंद उसळला. त्यानं तिच्या खोलीचा नंबर फिरवला. घंटा वाजत राहिली. लोक निघाले होते. उद्या सांगू, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचाराची गोडी जिभेवर इतकी लगेच आली की तो घाबरून उठलाच.

फाटकाबाहेर चार्टर्ड बस उभी होती, मयूर विहारची, इंजिन सुरू. रसिका पायरीवर एक पाय ठेवून मागच्या बाईला आधी चढू देत होती. "रसिका!" तो रस्त्यापलीकडून ओरडला. एक टेम्पो मधून गेला. तो धावत ओलांडून आला, दम लागला होता, पंचेचाळिशी केव्हाच मागे गेलेली. "सतरावं पान. दुसरी अट. उलटी पडलीय."

तिनं भुवया आवळल्या. तिच्या ओठांची हालचाल झाली, ती ओळ ती मनात म्हणून पाहत होती. कंडक्टरनं पत्र्यावर थाप मारली, "मैडम, चलो." ती चढली. खिडकीशी बसली, तिनं पर्समधून पेन काढलं, आणि कागद न सापडल्यामुळे तळहातावरच लिहू लागली, मान खाली घालून, भरभर. बस हलली तरी तिनं वर पाहिलं नाही. तिच्या कपाळावरची ती एक आठी, ते स्वतःला विसरून लिहिणं, आगटे काचेतून पाहत राहिला. असं आपण शेवटचं कधी लिहिलं होतं, हे त्याला आठवेना. काळा धूर सोडून बस सेक्टरच्या वळणाकडे गेली, आणि भोपळ्याच्या त्या रविवारचं दुखणं पुन्हा तसंच वर आलं. ते जाईल म्हणून तो रस्त्याच्या कडेला थोडा वेळ थांबला. ते गेलं नाही. मग तो फाटकाकडे वळला. शेवटची दोन पानं अजून वाचायची राहिली होती.